पोलिओग्रस्त बालकांचा आधार : फातेमा इस्माईल

पोलिओने दुबळे झालेले मूल उपचाराने पुन्हा स्वतःच्या हाताने जेवू शकेल, कुबड्यांच्या आधाराने शाळेत जाऊ शकेल, हा विश्वास स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतातील फार थोड्या घरांत होता. तो सामान्य पालकांपर्यंत पोहोचविण्याचे कार्य मुंबईच्या फातेमा इस्माईल यांनी केले. शारीरिकदृष्ट्या अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी त्यांनी उभारलेली संस्था आजही कार्यरत आहे.

फातेमा इस्माईल यांचा जन्म १९०३ साली मुंबईतील संपन्न सोबानी घराण्यात झाला. गिरणीमालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. १९२१ साली परळ येथील एल्फिन्स्टन गिरणीजवळ त्यांच्याच आवारात गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली होती. राष्ट्रीय चळवळीचे हे संस्कार फातेमा यांच्यावरही झाले. अखिल भारतीय महिला परिषदेचे काम त्यांनी केले आणि १९४२ च्या आंदोलनात भूमिगत कार्यकर्त्यांना साहाय्य केले.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती मुलीच्या आजारपणाने. १९४० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या लहानग्या कन्येला पोलिओ झाला. हा विषाणू मज्जारज्जूतील, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशींवर आघात करतो. स्पर्शाची जाणीव शाबूत राहते, परंतु हालचाल थांबते. पोलिओ प्रतिबंधक लस त्या वेळी उपलब्ध नव्हती. ती १९५५ साली वापरात आली.

मुलीला घेऊन श्रीमती इस्माईल यांनी मद्रास गाठले. तेथे अस्थिव्यंगतज्ज्ञ डॉ. एम. जी. किणी यांच्या देखरेखीखाली अनेक महिने व्यायामोपचार झाले व मुलीच्या प्रकृतीत सुधारणा दिसू लागली. पुढे पुण्यात, युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी लष्कराने केलेल्या उपचारसोयीचा त्यांनी लाभ घेतला.

पट्टी आणि व्यायाम

पोलिओग्रस्त अवयव महिनोन्महिने प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याची पद्धत एकेकाळी जगभर रूढ होती. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी (१८८०-१९५२) यांनी त्याऐवजी गरम कापडाचा शेक आणि सांध्यांची हालचाल यांवर भर दिला. आरंभी वैद्यकवर्तुळातून त्यांना तीव्र विरोध झाला, परंतु १९४० च्या दशकात हा विचार सर्वत्र पसरला.

कोपराच्या उदाहरणाने ही बाब स्पष्ट होते. कोपर दुमडणारा दंडाचा पुढील स्नायू निकामी झाला तर घास तोंडापर्यंत जात नाही. कोपर सरळ ठेवणारा मागील स्नायू दुबळा असेल तर कुबडीवर भार देता येत नाही. म्हणजे पायांच्या पोलिओत हातांचे बळही तितकेच मोलाचे ठरते. एका बाजूचा स्नायू सशक्त व दुसऱ्या बाजूचा अशक्त असला की सांधा हळूहळू एकाच स्थितीत आखडतो. तो योग्य स्थितीत राहावा म्हणून पट्टी बांधतात, मात्र व्यायामासाठी ती सोडावी लागते. मूल वाढते तशी पट्टी तोकडी पडते व नवी बनवावी लागते. उपचार असा वर्षानुवर्षे चालतो.

दूरच्या शहरी जाऊन राहणे सधन कुटुंबालाच शक्य होते. गिरणी कामगाराच्या मुलाला हा उपचार मिळायचा, तर तो त्याच्या शहरात, त्याला परवडेल अशा रीतीने उपलब्ध व्हावयास हवा, हे श्रीमती इस्माईल यांनी ओळखले. १९४७ साली विख्यात शल्यविशारद डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी दिलेल्या जागेत त्यांनी पोलिओ उपचार केंद्र सुरू केले. त्यातूनच सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन ही संस्था आकारास आली आणि हाजी अली परिसरात मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले.

जागेइतकीच उणीव प्रशिक्षित मनुष्यबळाची होती. १९५० च्या दशकाच्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. पाठोपाठ १९५५ मध्ये हाजी अली येथेच केंद्र सरकारची भौतिकोपचार व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. आज भिलाई, इंदूर, बेळगाव यांसारख्या शहरांतही फिजिओथेरपिस्ट आढळतात. त्या काळी मात्र हा व्यवसाय देशात नुकताच मूळ धरीत होता.

भारत सरकारने १९५८ साली श्रीमती इस्माईल यांना पद्मश्री किताबाने गौरविले. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सदस्य होत्या. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

भारतातील अखेरचा नैसर्गिक पोलिओरुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि मेंदूचा पक्षाघात किंवा प्रसूतीच्या वेळी खांद्याजवळील नसांना झालेली इजा यांमुळे हाताचे बळ गमावणारी मुले आजही आहेत. पट्टी, व्यायाम आणि पालकांचे सातत्य यांची गरज त्यांनाही तितकीच आहे.