घटक ४ : गाडगेबाबा – चरित्र आणि लोकसेवेचा विचार

४.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास
• गाडगेबाबांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• त्यांच्या श्रमदानाची पद्धत आणि तिच्यामागील विचार स्पष्ट करता येईल;
• त्यांच्या कीर्तनाच्या भाषेची वैशिष्ट्ये नोंदवता येतील.

४.२ प्रास्ताविक

गावाची स्वच्छता, सार्वजनिक बांधकामे आणि स्वयंसेवा यांविषयी आज शासकीय योजना आहेत, संस्था आहेत, निधीही आहे. यांपैकी काहीही उपलब्ध नसताना, विसाव्या शतकाच्या आरंभी, वऱ्हाडातील एका निरक्षर शेतकऱ्याने हे काम हाती घेतले. आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहात. गावासाठी वेळ काढणे किती अवघड असते, हे आपणास सांगावयास नको. म्हणूनच या चरित्राकडे संताची गाथा म्हणून पाहण्याबरोबरच, लोकांना कामाला लावणाऱ्या माणसाचे चरित्र म्हणूनही पाहावे.

४.३ बालपण आणि कर्जाचा अनुभव

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली निवर्तले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन दापुरे येथे माहेरी आली. तेथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला आणि मामाच्या शेतीत राबून तो उत्तम शेतकरी झाला. परंतु सावकाराच्या कर्जात मामाची जमीन गेली. लिहितावाचता न येणाऱ्या कुटुंबाला कागदावर काय लिहिले आहे ते कळले नाही, आणि कळले तेव्हा उशीर झाला होता.

दारू, कर्ज आणि निरक्षरता यांविरुद्ध बाबा पुढे आयुष्यभर बोलत राहिले. या तिन्ही गोष्टी त्यांनी ग्रंथांतून नव्हे, तर स्वतःच्या घरातून जाणल्या होत्या, हे आपण ध्यानात घ्यावे. १८९२ मध्ये त्यांचा कुंताबाईंशी विवाह झाला. मुलीच्या बारशाला मांस व दारूची पंगत देण्याची जातीची रीत होती. ती मोडून त्यांनी गोड जेवण घातले. भाऊबंदांचा रोष पत्करून केलेली ही त्यांची पहिली सुधारणा होय.

४.४ गृहत्याग आणि खराटा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे असा त्यांचा वेश असे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांची पद्धत साधी होती. गावात शिरताच ते कोणाला काही न सांगता रस्ता झाडू लागत, गटारे मोकळी करीत. अनोळखी माणूस आपल्या दारातील घाण काढतो आहे, हे पाहून गावकरी प्रथम चकित होत, मग संकोचत आणि अखेर स्वतः झाडू हाती घेत. रात्री त्याच गावकऱ्यांसमोर कीर्तन होई. आधी काम आणि मग बोलणे, हा क्रम महत्त्वाचा आहे. दिवसभर राबलेल्या माणसाचा उपदेश रात्री ऐकणे लोकांना जड जात नसे.

४.५ घाट आणि धर्मशाळा

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीकडे उतरताना यात्रेकरू चिखलात घसरत. बाबांनी तेथे स्वतः कष्ट उपसले, लोकांना जोडीला घेतले आणि पुढे तेथे घाट उभा राहिला. त्यानंतर धर्मशाळांचे काम वाढत गेले. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे यात्रेकरूंची सोय झाली. पंढरपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना निवारा मिळत नसे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभारली गेली. ही वास्तू बाबांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे शैक्षणिक कार्यासाठी सोपविली. मुंबईत दूरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधली. मात्र त्यांनी देवळे बांधली नाहीत.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. एवढा पैसा हातून जात असताना लोकांचा विश्वास टिकला कसा? बाबांनी या संस्थांवर स्वतःचा वा कुटुंबीयांचा हक्क ठेवला नाही. कारभार विश्वस्तांकडे राहिला. लाखोंच्या वास्तू उभ्या राहत असताना त्यांची पत्नी साध्या झोपडीत राहत होती. या निःस्पृहतेची किंमत कुटुंबाने मोजली, हेही चरित्राच्या अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.

४.६ कीर्तनाची भाषा

बाबांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत असे. पूर्वरंग-उत्तररंगाची शास्त्रोक्त मांडणी त्यांनी स्वीकारली नाही. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते एकमुखाने उत्तर देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. नवसासाठी पशुबळी, कर्ज काढून लग्न, अस्पृश्यता यांतील विसंगती श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर येई. वाक्ये आखूड असत आणि दाखले शेताचे, बाजाराचे, स्वयंपाकघराचे असत. घरातील भांडी विकावी लागली तरी मुलांना शाळेत घाला, या आशयाचे आवाहन ते वारंवार करीत. बोलीभाषा ही विचार मांडण्यास असमर्थ असते, हा समज तपासून पाहण्यासाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

४.७ अखेर आणि वारसा

अखेरपर्यंत त्यांची भ्रमंती थांबली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात, प्रवासातच त्यांचे निधन झाले. २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव दिले गेले. ज्यांनी कोणाला पाया पडू दिले नाही, त्यांची आज मंदिरे आहेत. या विसंगतीचाही आपण विचार करावा. पूजा करणे सोपे असते, खराटा उचलणे अवघड असते.

४.८ सारांश

स्वतः भोगलेल्या दुःखाची कारणे शोधणे, उपदेशापूर्वी श्रम करणे, उभारलेल्या कामावर मालकी न सांगणे आणि लोकांच्या बोलीत बोलणे, ही गाडगेबाबांच्या कार्याची चार सूत्रे सांगता येतील.

४.९ स्वाध्याय

१. गाडगेबाबांच्या बालपणातील अनुभवांचा त्यांच्या विचारांशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. गाडगेबाबांच्या कीर्तनातील प्रश्नोत्तर पद्धतीचे महत्त्व सांगा.
३. उपक्रम : आपल्या गावातील लोकसहभागातून झालेल्या एखाद्या कामाची माहिती मिळवा. ते आज कोण सांभाळते, याची दहा-बारा ओळींत नोंद करा.