एगास मोनिझ

अँतोनियो काएतानो दे आब्रेउ फ्रेइरे एगास मोनिझ (२९ नोव्हेंबर १८७४ – १३ डिसेंबर १९५५) हे पोर्तुगीज चेताविकारतज्ज्ञ, वैद्यक संशोधक, लेखक आणि मुत्सद्दी होते. जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या क्ष-किरण चित्रात दाखविण्याची पद्धत त्यांनी १९२७ मध्ये शोधून काढली. या पद्धतीला मेंदूचे रोहिणीचित्रण किंवा सेरेब्रल अँजिओग्राफी म्हणतात. काही मनोविकारांवर उपाय म्हणून मेंदूच्या अग्रखंडातील तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी १९३५ मध्ये सुरू केली आणि तिच्यासाठी त्यांना १९४९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नोबेल मिळविणारे ते पहिले पोर्तुगीज होत. त्यांच्या या दोन कामांपैकी पहिले आजही जगभरच्या रुग्णालयांत उपयोगात आहे, तर दुसरे वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत वादग्रस्त प्रकरणांत गणले जाते.

== जन्म आणि शिक्षण ==

मोनिझ यांचा जन्म उत्तर पोर्तुगालमधील एश्तारेजा तालुक्यातील आवांका या गावी एका जुन्या जमीनदार घराण्यात झाला. घराण्याचे मूळ आडनाव वेगळे होते. त्यांचे काका धर्मगुरू होते आणि बालपणीच्या शिक्षणावर त्यांचीच देखरेख होती. पोर्तुगालचे पहिले राजे आफोन्सो एन्रिकेश यांचे पालक व शिक्षक असलेल्या बाराव्या शतकातील एगास मोनिझ या सरदाराशी घराण्याचे नाते आहे, अशी काकांची श्रद्धा होती. त्यांच्याच आग्रहाने हे नाव मुलाच्या नावाला जोडले गेले आणि पुढे जगाने त्यांना त्याच नावाने ओळखले.

कोइंब्रा विद्यापीठातून त्यांनी १८९९ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. मानवी लैंगिक जीवनावरील त्यांचा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाला व त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. चेताविकारांचा अभ्यास करण्यासाठी ते फ्रान्समध्ये बोर्दो व पॅरिस येथे गेले. पॅरिसमध्ये बाबिन्स्की, पिएर मारी व देजेरीन या त्या काळच्या मान्यवर तज्ज्ञांचा सहवास त्यांना लाभला. १९०१ मध्ये एल्व्हिरा दे मासेदो दियाश यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना अपत्य नव्हते. १९०२ मध्ये ते कोइंब्रा येथे प्राध्यापक झाले. १९११ मध्ये लिस्बन विद्यापीठात त्यांची चेताविकारशास्त्राच्या प्राध्यापकपदी नेमणूक झाली आणि १९४४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले.

तरुणपणापासून त्यांना गाऊट या सांधेदुखीच्या विकाराने ग्रासले होते. त्यामुळे हातांची बोटे वाकडी झाली आणि नाजूक शस्त्रकर्म स्वतः करणे त्यांना शक्य होईना. त्यांच्या पुढील सर्व संशोधनात प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचे काम प्रामुख्याने त्यांचे तरुण सहकारी पेद्रो आल्मेइदा लिमा यांनी केले.

== राजकीय कारकीर्द ==

मोनिझ १९०३ मध्ये पोर्तुगीज संसदेत निवडून गेले. राजेशाहीच्या अखेरच्या वर्षांतील अस्थिर राजकारणात ते उतरले होते. १९१० मध्ये प्रजासत्ताक स्थापन झाल्यावरही त्यांनी सार्वजनिक जीवन सोडले नाही. १९१७ मध्ये ते स्पेनमध्ये पोर्तुगालचे राजदूत झाले. १९१८ मध्ये सिदोनियो पाइश यांच्या शासनात परराष्ट्रमंत्रिपद त्यांच्याकडे आले आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेत त्यांनी पोर्तुगीज शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. डिसेंबर १९१८ मध्ये पाइश यांची हत्या झाली. त्यानंतर काही काळातच मोनिझ राजकारणातून निवृत्त झाले. ज्या संशोधनाने त्यांचे नाव झाले, ते त्यांनी वयाची पन्नाशी उलटल्यावर हाती घेतले.

== मेंदूच्या रोहिण्यांचे चित्रण ==

=== पार्श्वभूमी ===

साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड स्पष्ट दिसते. पण आतील मेंदू, रक्तवाहिन्या आणि गाठी यांची घनता जवळजवळ सारखीच असल्यामुळे त्या वेगवेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यामुळे मेंदूत गाठ कोठे आहे, हे डॉक्टरांना रुग्णाच्या लक्षणांवरून ताडावे लागे. अंदाज चुकला, तर कवटी भलत्याच जागी उघडली जाई. अमेरिकन शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्र घेण्याची पद्धत काढली. तिने मोठी सोय झाली. परंतु ती त्रासदायक व धोक्याची होती आणि रक्तवाहिन्यांविषयी तिच्यातून काहीच कळत नसे.

मेंदूच्या रोहिण्यांची रचना सामान्यतः ठरावीक असते. क्ष-किरणांना अडविणारा द्रव त्या रोहिण्यांत सोडला, तर त्यांचे जाळे चित्रात उमटेल आणि गाठ असल्यास तिच्या दाबाने बाजूला सरकलेल्या फांद्यांवरून गाठीची जागा कळेल, अशी मोनिझ यांची कल्पना होती.

=== प्रयोग ===

क्ष-किरणांना अडवील, शरीराला अपाय करणार नाही आणि रक्ताबरोबर सहज वाहून जाईल असा द्रव शोधणे, ही खरी अडचण होती. अपस्मारावरील औषध म्हणून ब्रोमाइडचे क्षार डॉक्टरांच्या परिचयाचे होते. म्हणून मोनिझ यांनी प्रथम त्यांचाच विचार केला. निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे करून त्यांनी प्राण्यांवर व मृतांच्या मस्तकांवर प्रयोग केले. त्यानंतर लिस्बनच्या सांता मार्ता रुग्णालयात स्ट्राँशियम ब्रोमाइडचे द्रावण रुग्णांच्या मानेतील कॅरॉटिड रोहिणीत टोचण्यात आले. आरंभीच्या प्रयत्नांना अपेक्षित यश आले नाही आणि एका रुग्णाचा रोहिणीत रक्ताची गुठळी होऊन मृत्यू झाला. काही काळ प्रयोग थांबविण्यात आले. पुढे ब्रोमाइड सोडून सोडियम आयोडाइडचे २५ टक्के द्रावण वापरण्याचे ठरले.

२८ जून १९२७ रोजी पोष ग्रंथीची गाठ असलेल्या २० वर्षांच्या एका तरुणाच्या मस्तकाचे चित्र घेण्यात आले. त्यात मेंदूच्या रोहिण्या व गाठीमुळे त्यांच्या जागेत झालेला बदल स्पष्ट दिसला. पुढच्याच महिन्यात मोनिझ यांनी पॅरिसच्या चेताविकारतज्ज्ञांच्या सभेत हे काम मांडले.

=== विकास आणि उपयोग ===

पुढील काही वर्षांत मोनिझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर शेकडो पृष्ठांचे लेखन केले. मेंदूच्या गाठींच्या निदानावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ १९३१ मध्ये आणि रोहिणीचित्रणावरील ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. जोझे परेइरा काल्दाश यांनी एकामागून एक झटपट चित्रे घेणारे फिरते यंत्र बनविले. त्यामुळे रोहिण्यांतून सूक्ष्म वाहिन्यांत आणि तेथून शिरांत जाणारा रक्ताचा प्रवास टप्प्याटप्प्याने पाहता येऊ लागला. काही गाठींना स्वतःच्या रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. ते चित्रात दिसू लागल्यावर गाठीचे स्थान तर कळेच, शिवाय तिच्या प्रकाराविषयीही अनुमान करता येई. कवटी कोठे उघडावी आणि कोणती रोहिणी आधी बांधावी, हे शल्यविशारदाला शस्त्रक्रियेपूर्वीच ठरविता येऊ लागले.

पक्षाघाताच्या अभ्यासातही ही पद्धत उपयोगी पडली. १९३३ मध्ये मोनिझ यांनी कवटीच्या आत रोहिणीच्या भिंतीला आलेला फुगा चित्रात दाखविला. असा फुगा फुटल्यास मेंदूभोवती रक्तस्राव होतो. मानेतील कॅरॉटिड रोहिणीची आतील शाखा गुठळीने बंद झाल्यामुळे अर्धांगवायू झालेल्या रुग्णांची चित्रे त्यांनी सहकाऱ्यांसह १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. पक्षाघाताचे मूळ मेंदूऐवजी मानेतील रोहिणीतही असू शकते, ही गोष्ट त्यामुळे रुग्ण जिवंत असतानाच दाखविता आली. कॅनडाचे मिलर फिशर यांनी १९५१ मध्ये हा संबंध सविस्तर मांडला आणि त्याच दशकात कॅरॉटिड रोहिणीतील अडथळा काढण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या.

=== थोरोट्रास्टचा वापर ===

आयोडाइडचे द्रावण टोचताना रुग्णाला वेदना होत व कधी झटकेही येत. म्हणून १९३१ पासून मोनिझ यांनी थोरोट्रास्ट हा थोरियम डायऑक्साइडयुक्त द्रव वापरण्यास सुरुवात केली. त्याने चित्रे उत्तम येत आणि तत्काळ त्रास होत नसे. म्हणून तो अनेक देशांत रूढ झाला. थोरियम किरणोत्सर्गी आहे. हा पदार्थ शरीराबाहेर न पडता यकृतात व प्लीहेत साठून राहतो. अनेक वर्षांनंतर या रुग्णांमध्ये यकृताचे कर्करोग आढळू लागले आणि १९५० च्या दशकात त्याचा वापर बंद पडला.

== अग्रखंडावरील शस्त्रक्रिया ==

१९३५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय चेताविकार परिषद भरली. तेथे जॉन फुल्टन व कार्लाइल जेकबसन यांनी चिंपांझींच्या मेंदूचे अग्रखंड काढल्यावर त्यांच्या वर्तनात झालेले बदल सांगितले. मोनिझ परिषदेला उपस्थित होते. मनोरुग्णांच्या मनात काही विचार घट्ट रुतून बसतात, कारण चेतापेशींमधील काही जोडण्या कायमच्या स्थिर झालेल्या असतात. त्या तोडल्या तर विचारांची पकड सैल होईल, असे त्यांचे मत होते. या मताला प्रयोगाचा भक्कम आधार नव्हता.

१२ नोव्हेंबर १९३५ रोजी ६३ वर्षांच्या एका महिलेवर पहिली शस्त्रक्रिया झाली. आल्मेइदा लिमा यांनी कवटीला छिद्रे पाडून अग्रखंडातील श्वेतद्रव्यात अल्कोहोल टोचले. नंतर तारेचे वेढे असलेले एक साधन वापरून तंतू कापण्यात येऊ लागले. या शस्त्रक्रियेला मोनिझ यांनी ल्युकोटॉमी असे नाव दिले. पहिल्या २० रुग्णांचा वृत्तान्त १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७ रुग्ण बरे झाले, ७ जणांत सुधारणा झाली आणि ६ जणांत फरक पडला नाही, असा निष्कर्ष होता.

या निष्कर्षावर लिस्बनमध्येच आक्षेप घेण्यात आला. शस्त्रक्रियेनंतर रुग्णांना फारच थोडा काळ निरीक्षणाखाली ठेवण्यात आले होते. तुलनेसाठी शस्त्रक्रिया न केलेल्या रुग्णांचा गट नव्हता आणि रुग्णांच्या विचारशक्तीची व स्वभावाची पद्धतशीर तपासणी झालेली नव्हती. यांतील बरेचसे रुग्ण मानसोपचारतज्ज्ञ सोब्राल सिद यांच्या रुग्णालयातून आले होते. रुग्णांमध्ये दिसणारी शांतता ही बरे होण्याची खूण नसून व्यक्तिमत्त्वाची हानी आहे, असे मत त्यांनी मांडले आणि पुढे रुग्ण पाठविण्यास नकार दिला.

सप्टेंबर १९३६ मध्ये वॉल्टर फ्रीमन व जेम्स वॉट्स यांनी अमेरिकेत ही शस्त्रक्रिया सुरू केली. तेथे ती लोबॉटॉमी या नावाने पसरली. १९४६ पासून फ्रीमन डोळ्याच्या खोबणीतून अणकुचीदार साधन घालून काही मिनिटांत ती करू लागले. या प्रकारामुळे वॉट्स यांच्याशी त्यांचे मतभेद झाले. मोनिझ स्वतः या शस्त्रक्रियेला इतर उपाय थकल्यानंतरचा मार्ग मानत; प्रत्यक्षात मात्र गर्दीने भरलेल्या मनोरुग्णालयांत ती हजारो रुग्णांवर करण्यात आली. त्यांतील अनेकांची संमती घेतलेली नव्हती. कित्येक रुग्ण उदासीन व परावलंबी झाले आणि काही दगावले. सोव्हिएत संघाने १९५० मध्ये तिच्यावर बंदी घातली. १९५२ नंतर क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे उपलब्ध झाल्यावर तिचा वापर झपाट्याने घटला.

== नोबेल पारितोषिक ==

रोहिणीचित्रणासाठी मोनिझ यांचे नाव नोबेलकरिता १९२८ पासून अनेकदा सुचविले गेले होते. १९४९ मध्ये पारितोषिक मिळाले ते मात्र काही मनोविकारांवरील ल्युकोटॉमीच्या उपयोगासाठी. स्वित्झर्लंडचे वॉल्टर हेस यांना मेंदूवरील स्वतंत्र संशोधनासाठी त्याचा अर्धा वाटा मिळाला. पुढील काळात शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी मोनिझ यांचे पारितोषिक मागे घेण्याची मागणी केली. परंतु ते मागे घेण्यात आलेले नाही.

== उत्तरायुष्य ==

मार्च १९३९ मध्ये एका मनोरुग्णाने मोनिझ यांच्यावर त्यांच्या कार्यालयात गोळ्या झाडल्या. हा रुग्ण त्यांच्या उपचाराखाली होता. त्याच्यावर ल्युकोटॉमी झालेली नव्हती. गंभीर जखमी होऊनही मोनिझ बरे झाले व पुन्हा कामाला लागले. वैद्यकाखेरीज त्यांनी कादंबरीकार जुलियो दिनिश यांचे चरित्र, पत्त्यांच्या खेळाचा इतिहास तसेच आत्मचरित्रपर दोन ग्रंथ लिहिले. १३ डिसेंबर १९५५ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी लिस्बन येथे त्यांचे निधन झाले.

== वारसा ==

स्वीडनचे स्वेन सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सुई व तारेच्या साहाय्याने रोहिणीत नळी सरकविण्याची पद्धत शोधली. त्यामुळे मान उघडून रोहिणी मोकळी करण्याची गरज उरली नाही. १९७१ मध्ये लंडनमध्ये सीटी स्कॅनने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र घेण्यात आले आणि गाठींच्या निदानातील रोहिणीचित्रणाचा वाटा कमी झाला. रक्तवाहिन्यांच्या विकारांत मात्र ते महत्त्वाचेच राहिले. मेंदूतील फुगा आतून बंद करणे किंवा तीव्र पक्षाघातात रोहिणीतील गुठळी नळीने ओढून काढणे, हे उपचार रोहिणीचित्रणाच्या आधारानेच केले जातात. गुठळी काढण्याच्या उपचाराचा लाभ २०१५ मध्ये नेदरलँड्ससह अनेक देशांतील चाचण्यांत सिद्ध झाला. या चाचण्यांत रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने पाडून आणि ९० दिवसांनंतरची त्यांची स्थिती तपासून निष्कर्ष काढण्यात आला. ल्युकोटॉमीच्या आरंभी अशी काळजी घेतली गेली नव्हती.

लिस्बनमधील एका रुग्णालयाला मोनिझ यांचे नाव देण्यात आले आहे. आवांका येथील त्यांच्या घरात १९६८ पासून संग्रहालय आहे. पोर्तुगालने १९८९ मध्ये १०,००० एश्कुदोंच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले होते. वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आज त्यांचे नाव नव्या उपचाराचे पुरेसे परीक्षण आणि रुग्णाची संमती या विषयांच्या संदर्भात घेतले जाते.