श्रीपेरुंबुदूरचे विद्यार्थी : रामानुजाचार्य

चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटरवरील श्रीपेरुंबुदूर आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. याच गावी, परंपरेनुसार इ. स. १०१७ मध्ये, केशव सोमयाजी व कांतिमती यांच्या पोटी रामानुजाचार्यांचा जन्म झाला. पितृछत्र लवकर हरपले. वेदान्ताच्या अध्ययनासाठी त्यांनी कांचीपुरमचे विख्यात पंडित यादवप्रकाश यांचे शिष्यत्व पत्करले.

त्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. रामानुज गुरूंच्या अंगाला तेल लावीत होते आणि छांदोग्य उपनिषदाचे विवेचन चालले होते. सूर्यमंडलातील सुवर्णमय पुरुषाचे नेत्र वर्णन करणाऱ्या ‘कप्यास’ या शब्दाचा अर्थ गुरूंनी माकडाच्या बैठकीची लाली असा लावला. ते ऐकताच शिष्याच्या डोळ्यांतून ऊन अश्रू ओघळले व गुरूंच्या मांडीवर पडले. कारण विचारताच रामानुजांनी व्युत्पत्तीच्या आधारे नम्रपणे दुसरा अर्थ मांडला : जल प्राशन करणारा तो सूर्य आणि त्याच्या किरणांनी उमललेले कमळ, तसे ते नेत्र. अक्षरे तीच राहिली. वाचणाऱ्याच्या अंतःकरणातील श्रद्धेने आणि व्याकरणाच्या शिस्तीने त्यांतील अर्थ उजळला.

या मतभेदाची किंमत त्यांना मोजावी लागली. गुरूंचा रोष ओढवला, गुरुगृह सुटले. पण निष्ठा ढळली नाही. ब्राह्मणेतर भक्त कांचीपूर्ण यांच्या सहवासात ती अधिकच दृढ झाली. पुढे मंत्ररहस्यासाठी ते गोष्ठीपूर्ण यांच्याकडे अठरा वेळा गेले, असे परंपरा सांगते. मंत्र गुप्त राखण्याची आज्ञा असूनही त्यांनी तो मंदिरावरून लोकांना ऐकविला. इतरांचा उद्धार होणार असेल, तर आज्ञाभंगाबद्दल नरकवासही त्यांना मान्य होता. हे औदार्य पाहून गुरूंचाही राग निवळला.

श्रीरंगम येथे त्यांनी मंदिराची व्यवस्था लावली आणि ब्रह्मसूत्रांवर ‘श्रीभाष्य’ रचले. जीव आणि जगत् हे ईश्वराचे शरीर आहे, हा त्यांच्या विशिष्टाद्वैताचा गाभा. कांचीतल्या त्या अश्रूंमागील भाव येथे दर्शन होऊन प्रकटला. पुढे चोळ राज्यात छळाची वेळ आली, तेव्हा कर्नाटकातील मेलकोटे येथे वास्तव्य करून त्यांनी आपले कार्य चालू ठेवले. परंपरेनुसार ११३७ मध्ये श्रीरंगम येथे त्यांनी देह ठेवला.

या चरित्राचा एक उत्तरार्ध आम्हा शिक्षकांना विशेष अंतर्मुख करतो. ज्या यादवप्रकाशांनी रामानुजांना दूर केले, तेच वृद्धापकाळी त्यांचे शिष्य झाले, असे परंपरा मानते. शिष्याचा भिन्न विचार ऐकून घेण्यास एवढा काळ लागू नये, ही जबाबदारी वर्गात आमची आणि घरी पालकांची आहे. मूल पाठ केलेल्या श्लोकाचा अर्थ विचारते, तेव्हा त्या प्रश्नाला धिटाई न समजता श्रद्धेचा पहिला अंकुर समजावे. विचारून, ताडून आणि आचरून जी निष्ठा मनात रुजते, तीच संकटात टिकते. हीरक महोत्सवी वर्षात शाळा सोडून दूर गेलेल्या आमच्या मुलामुलींसाठी हीच शिदोरी आम्ही इच्छितो.