चार्ल्स लायेल : शिष्यासाठी ग्रंथ बदलणारा गुरू

पृथ्वीचे रूप एखाद्या महाप्रलयाने नव्हे, तर पाऊस, नद्या, भूकंप आणि ज्वालामुखी यांच्या अखंड कार्याने घडले, हे चार्ल्स लायेल यांनी साधार मांडले. १४ नोव्हेंबर १७९७ रोजी स्कॉटलंडमधील किनॉर्डी येथे जन्मलेल्या लायेल यांनी वकिली सोडून भूगर्भशास्त्राला वाहून घेतले. ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ हा त्यांचा त्रिखंडी ग्रंथ १८३० ते १८३३ दरम्यान प्रसिद्ध झाला. त्याचा पहिला खंड घेऊनच चार्ल्स डार्विन १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून निघाले. १८३६ मध्ये ते परतल्यावर दोघांची मैत्री जमली आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

जून १८५८ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा निबंध डार्विन यांच्या हाती पडला. त्यात नैसर्गिक निवडीचाच विचार होता. वीस वर्षांचे श्रम व्यर्थ जाण्याच्या भीतीने डार्विन यांनी लायेल यांना पत्र लिहिले. लायेल व जोसेफ हूकर यांच्या पुढाकाराने १ जुलै रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचेही लेखन वाचले गेले. दूरदेशी असलेल्या वॉलेस यांची संमती मात्र घेतली गेली नव्हती.

लायेल यांना स्वतःला उत्क्रांती मान्य नव्हती. ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात त्यांनी लामार्कचा उत्क्रांतिवाद खोडून काढला होता. मानवाचे मूळ पशूंमध्ये शोधणे त्यांच्या श्रद्धेला जड जात होते. १८६३ मधील मानवाच्या प्राचीनतेवरील त्यांच्या पुस्तकातही निःसंदिग्ध कौल नव्हता. डार्विन निराश झाले, तरी पत्रे थांबली नाहीत.

अखेर सत्तरीच्या उंबरठ्यावर लायेल यांनी ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत उत्क्रांतीचा स्वीकार केला. २२ फेब्रुवारी १८७५ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यभराची कीर्ती ज्या ग्रंथावर उभी होती, त्याचेच प्रतिपादन त्यांनी पुराव्यापुढे बदलले होते.