थकबाकीदारांचा कैवारी

अमेरिकन राज्यक्रांतीचा विषय निघाला की वॉशिंग्टन आणि जेफर्सन आठवतात. पण कराच्या तक्रारीला बंडाचे रूप यावे म्हणून जो वर्षानुवर्षे खपला, तो बोस्टनचा सॅम्युअल अॅडम्स आपल्याकडे जवळजवळ अपरिचितच राहिला आहे.

१७२२ साली जन्मलेल्या या गृहस्थाला व्यवहार कधी साधला नाही. वडील ज्या लँड बँकेचे संचालक होते ती १७४१ साली ब्रिटिश पार्लमेंटने मोडीत काढली आणि तिच्या देण्यांचा ससेमिरा मुलापर्यंत पोचला. १७५६ मध्ये बोस्टनकरांनी त्याला करवसुलीवर नेमले. त्याने लोकांवर सक्ती केली नाही. १७६५ पर्यंत बाकी आठ हजार पौंडांवर गेली! विरोधकांना हे आयतेच कोलीत मिळाले, लोकांना मात्र तो आपला वाटू लागला.

१७६४ चा साखर कायदा आणि १७६५ चा मुद्रांक कायदा आला तेव्हा त्याचा मुद्दा सरळ होता. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा प्रतिनिधी नाही, तिला आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार नाही. मुद्रांक कायदा १७६६ मध्ये रद्द झाला; अधिकाराचा दावा मात्र इंग्लंडने सोडला नाही.

खरी कसोटी १७७३ साली लागली. ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींत चहा पडून होता. तो खपावा म्हणून पार्लमेंटने असा कायदा केला की, पौंडामागे तीन पेन्सची जकात कायम राहूनही चहा पूर्वीपेक्षा स्वस्त पडावा. याच कंपनीने १७७० च्या दुष्काळातही बंगालच्या रयतेकडून सारा वसूल केला होता. स्वस्ताईच्या मोहाने लोक जकातीचा हक्कच मान्य करून बसतील, हे अॅडम्सने ओळखले. आमच्या मते त्याची थोरवी येथे आहे. १६ डिसेंबर रोजी ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. त्या दिवशीच्या सभेचा तो एक अग्रणी होता. पुढे युद्ध पेटले आणि १७७६ च्या जाहीरनाम्यावर त्याची सही झाली.

मात्र १७८६ साली त्याच्याच मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी उठले. युद्धाच्या कर्जासाठी बसवलेला कर रोख नाण्यांत भरायचा होता, आणि जमिनी जप्त होत होत्या. अॅडम्स म्हणे, राजाविरुद्धचे बंड क्षम्य असेल, पण लोकांनी निवडलेल्या सरकारविरुद्ध उठणाऱ्याला फाशीच योग्य. परकी सत्तेशी झगडलेल्या आम्हांला यातला पूर्वार्ध पटतो. उत्तरार्ध पटत नाही. त्या शेतकऱ्यांजवळ मत होते, नाणे नव्हते, आणि नाण्यावाचून शेत जात होते. वसुलीला गेलेल्या अॅडम्सने अशी दारे पाहिली होती.

१७८७ मध्ये जॉन हॅनकॉक गव्हर्नर झाला. त्याने बहुतेक बंडखोरांना माफी दिली, आणि नव्या विधिमंडळाने कराचा भार हलका केला.