स्मिता पाटील
स्मिता पाटील (जन्म : १७ ऑक्टोबर १९५५, पुणे, मृत्यू : १३ डिसेंबर १९८६, मुंबई) या मराठी व हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री होत्या. भारतातील समांतर चित्रपट चळवळीच्या प्रमुख कलावंतांत त्यांची गणना होते.

जीवन
त्यांचे वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशातील राजकीय नेते, तर आई विद्याताई समाजसेविका होत्या. शिक्षण पुण्यात झाले. पुढे मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत असताना दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचे लक्ष त्यांच्याकडे गेले.

कारकीर्द
'चरणदास चोर' व 'निशांत' (१९७५) यांनंतर 'मंथन' (१९७६) मध्ये त्यांनी गुजरातमधील दूध सहकारी चळवळीच्या पार्श्वभूमीवरील ग्रामीण स्त्री साकारली. 'भूमिका' (१९७७) हा चित्रपट मराठी अभिनेत्री हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारित होता. नायिकेचे किशोरवयापासून प्रौढपणापर्यंतचे आयुष्य रंगवताना पाटील अवघ्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. त्याच वर्षी जब्बार पटेल यांच्या 'जैत रे जैत' मध्ये त्यांनी ठाकर समाजातील चिंधी उभी केली. पटेल यांच्याच 'उंबरठा' (१९८२) मधील सुलभा महाजन महिलाश्रमातील नोकरीसाठी घराबाहेर पडते आणि अखेर घर व स्वत्व यांतून निवड करते. ही भूमिका मराठी चित्रपटातील स्त्रीप्रतिमेला वळण देणारी ठरली.

मृणाल सेन ('अकालेर संधाने'), सत्यजित राय ('सद्गती') व जी. अरविंदन ('चिदंबरम') यांच्याबरोबरही त्यांनी काम केले. 'शक्ती' व 'नमक हलाल' (१९८२) यांसारख्या व्यावसायिक चित्रपटांमुळे त्या मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचल्या. मात्र त्यांचा लौकिक प्रामुख्याने कष्टकरी व स्वतंत्र वृत्तीच्या स्त्रियांच्या भूमिकांवर उभा राहिला.

पुरस्कार
'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'चक्र' मधील झोपडपट्टीवासी स्त्रीच्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कारही लाभला. १९८५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री प्रदान केली.

निधन
अभिनेते राज बब्बर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी पुत्र प्रतीक यांचा जन्म झाला. प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतीमुळे अवघ्या पंधरा दिवसांनी, वयाच्या ३१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. केतन मेहता दिग्दर्शित 'मिर्च मसाला' त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. त्यातील सुभेदाराच्या जुलमापुढे न झुकणारी सोनबाई ही त्यांच्या सर्वोत्तम भूमिकांपैकी एक मानली जाते.