वेड्यांच्या इस्पितळापासून बालमंदिरापर्यंत

‘माँटेसरी’ हा शब्द शाळेच्या पाटीवर वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की, ते एका बाईंचे आडनाव आहे हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. आमच्या घरात तर मी कॉलेजात येईपर्यंत कुणालाच ते ठाऊक नव्हते.

मारिया माँटेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले येथे झाला. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, असे वडिलांचे मत. मुलीने मात्र वैद्यकाचा ध्यास घेतला व १८९६ साली रोम विद्यापीठाची पदवी मिळवली. पुरुषांच्या देखत शवविच्छेदन करणे बाईमाणसाला शोभत नाही, म्हणून ते काम त्यांना वर्ग सुटल्यावर एकटीने करावे लागे.

पुढे कामानिमित्त त्या रोममधील वेड्यांच्या इस्पितळांत जाऊ लागल्या. मंदबुद्धी ठरवलेली मुले तेथे मोठ्या रुग्णांबरोबरच कोंडलेली असत. जेवण झाले की ही मुले जमिनीवर सांडलेले पावाचे कण वेचून त्यांच्याशी चाळा करीत बसत. राखणदारणीला तो हावरेपणा वाटे. माँटेसरींच्या लक्षात आले की, त्या उघड्याबोडक्या खोलीत हातात धरायला दुसरे काही नव्हतेच. भूक पोटाची नव्हती, हातांची होती!

इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी व त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी शाळा निघाली, तिची धुरा डॉ. मोन्तेसानो व माँटेसरी यांच्याकडे आली. तेथील काही मुले साध्या शाळेच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी तोंडात बोटे घातली. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला : ही मुले इथवर येतात, तर धडधाकट मुलांना आपल्या शाळा कशा काय मागे ठेवतात? त्यांचे पुढचे सारे आयुष्य या एका प्रश्नातून निघाले, असे मला वाटते.

याच काळातले एक दुःख चरित्र वाचताना मन सुन्न करते. १८९८ साली त्यांना मोन्तेसानोंपासून मुलगा झाला. लग्न झाले नव्हते. बाळ मारिओ खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढला.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. आईबाप मजुरीला गेले की पोरे जिने-भिंती खराब करीत, म्हणून चाळमालकांनी ही सोय केली होती. शिकवायला कुणी मोठी पंडिता नव्हती, इमारतीच्या रखवालदाराची मुलगी होती. भोकांत नेमके बसणारे लाकडी दट्टे, गुलाबी मनोरा, बोट फिरवायला खरखरीत कागदाची अक्षरे. एकदा माँटेसरींनी नाक कसे पुसावे हे करून दाखवले, तर मुलांनी चक्क टाळ्या वाजवल्या. नाकावरून बोलणी सर्वांची खाल्ली होती, शिकवले कुणीच नव्हते.

१९०९ पासून त्या शिक्षकांचे वर्ग घेऊ लागल्या. शिक्षकाने आधी पाहावे, हात आखडता घ्यावा, ही त्यांची मुख्य शिकवण. मुसोलिनीने प्रथम त्यांना आश्रय दिला. पुढे बिनसले व १९३४ साली इटलीतील शाळा बंद पडल्या.

१९३९ साली त्या मारिओसह मद्रासला, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीत आल्या. पहिल्याच वर्गाला सुमारे ३०० विद्यार्थी होते. १९४० साली इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारने मारिओला अहमदनगरच्या (आताचे अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध केले. आईच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याची सुटका झाली. वर्षानुवर्षे पुतण्या वा दत्तक म्हणून ओळख दिलेल्या मारिओचा व्हाइसरॉयच्या तारेत उल्लेख होता तो मुलगा म्हणूनच.

मजुरांच्या पोरांसाठी निघालेली ही पद्धत पुढे साधनांच्या किमतीमुळे पैसेवाल्यांची झाली, हे नाकारता येत नाही. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा खडे, बिया, पाने यांवर भागवले. अंगणवाडी हा शब्द त्या कामातलाच. मी स्वतः अंगणवाडीतून आले आहे.

माँटेसरी १९४९ साली भारतातून कायमच्या परत गेल्या. ६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नोर्डवाइक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा कारभार पुढे मारिओने पाहिला.